बांधावरची पाच इप्पे

१२ एप्रिल

किरणकुमारच्या हाती दुकान देऊन आज तेरा दिवस झाले. पाडव्याला दिलं. एका घाऊक व्यापाऱ्याने जानेवारीत भेट दिलेली ही डायरी कोरीच पडून होती. दुकानाच्या वह्या लिहून झाल्यावर वेगळं काही लिहायला हात शिल्लक राहत नसे.

सकाळी सवयीने खाली गेलो. आम्ही दुकानाच्या वरच राहतो, त्यामुळे यशवंतपूरच्या बाजारात पोचायला मला तेवीस पायऱ्या पुरतात. शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून पाहिला, स्वल्प ओल लागली. किरणकुमारला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, ओल मोजायच्या मशीनने बघितलंय. सरी, ठीक आहे माल." मग त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि दाराबाहेर पायरीपाशी ठेवली. आत उकडतं म्हणाला. मुलगा काळजी घेतो.

गोदामाच्या कोपऱ्यात नमुन्यांच्या जुन्या बरण्या सापडल्या. एकीत इप्पेच्या बिया होत्या. एके काळी दिव्याच्या तेलासाठी आणि साबणासाठी आमच्याकडे त्यांची पोत्यामागून पोती येत. महाराष्ट्रात ज्याला मोह म्हणतात त्याचंच हे इकडचं भावंड. जेवताना सावित्रीला म्हटलं, चाळीस वर्षं ही बी विकली, झाड काही कधी पाहिलं नाही.

ती म्हणाली, "मग जाऊन बघा की. दाराबाहेर बसून तेवढं दिसायचं नाही."

१७ एप्रिल

पाहिलं.

नेलमंगलची बस, पुढे रिक्षा, पुढे चालत. कंठीहळ्ळी म्हणून लहान गाव आहे. गावाच्या वर काळ्या खडकाची टेकडी, खाली तळं, आणि तळ्याच्या मातीच्या बांधावर पाच इप्पे ओळीने. असा राखलेला झाडांचा समूह म्हणजे इकडे तोपु. पाचातल्या कुठल्याही बुंध्याला दोन माणसांनी मिठी मारली तरी हात पुरायचे नाहीत. नवी पालवी तांब्याच्या रंगाची. फुलं जाड, दुधी, मण्यांसारखी, आणि पहाटे गळून पडलेली. मी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, तरी जमिनीवर इतकी होती की पाय कुठे ठेवायचा कळेना. वास उसाच्या रसाची काकवी होत असताना येतो तसा.

ओळीत तिसऱ्या जागी एक खड्डा आहे. तिथलं सहावं झाड मागच्या वर्षी वाऱ्यात उन्मळलं.

तोपु राखणाऱ्या बाईंचं नाव सिद्धगंगम्मा. पंच्याहत्तरीच्या पुढे असतील. मी त्यांना अज्जी म्हणतो, त्या मला सावकारे म्हणतात. मी सावकार नाही, बियांचा व्यापारी होतो, असं सांगितलं. म्हणाल्या, "बरं. बसा सावकारे." आमचं बोलणं सगळं कन्नडमध्ये होतं, मी इथे मराठीत लिहितो.

झाडांच्या खाली एकही लहान रोप का नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, काही शेळ्या खातात, काही माणसं तुडवतात. खड्ड्याकडे बोट करून म्हणाल्या, "मी असेपर्यंत तिथे एक उभं राहायला पाहिजे."

बसमध्ये बसल्यावर मला ते सुचलं.

५ मे

पुन्हा जाऊन आलो. अज्जींपुढे विषय काढला: या हंगामाच्या बिया मला द्या, मी गच्चीवर रोपं करतो आणि पावसाळा संपायच्या आत शंभर आणून देतो. गावची चार माणसं बसली होती. एक जण म्हणाला, शहरातले लोक झाडं लावतात आणि फोटो काढून जातात. मी म्हणालो, यशवंतपूरच्या बाजारात कुणालाही विचारा, माझ्या शब्दावर ट्रक उभे राहतात.

अज्जी म्हणाल्या, यंदा झाडं भरली आहेत. इप्पे दर वर्षी अशी भरत नाहीत. यंदाची बी गेली तर पुन्हा दोन-तीन वर्षांनी. "तेवढी मला कोण देतो," असंही म्हणाल्या, पण हसत.

शब्द दिला.

येताना टेकडीवर चढलो. वर जालारीची झाडं आहेत, खडकाच्या भेगांतून उगवलेली. त्यांची फळं पंखांची. वाऱ्याचा झोत आला की शेकडो गिरक्या घेत खाली येतात. वीस मिनिटं उभा होतो. बाजारात या बीला भाव नाही, त्यामुळे मला तिच्याविषयी काहीच माहिती नाही. उतरताना पायथ्याला बहावा फुललेला होता, त्याला इकडे कक्के म्हणतात.

सावित्रीला शंभर रोपांचं सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी तुळस वाळली आपली." तुळशीचं वेगळं.

९ जून

तयारी. तीनशे पिशव्या, तांबडी माती, शेणखत. गडी नेऊन पहिल्या तीन झाडांखालचं रान साफ करून घेतलं. करवंद, तरवड, रानबोर, गुडघाभर गवत, सगळं काढलं. खळ्यासारखी जमीन केली म्हणजे ताडपत्री अंथरता येते आणि बी मातीत मिसळत नाही. अज्जी म्हणाल्या, "कशाला काढता? राहू द्या की." माझा खर्च वाचावा अशी त्यांची इच्छा. मी म्हटलं, काळजी करू नका.

चौथं झाड काटेरी जाळीत बुडालं आहे आणि त्याला फळही कमी, ते सोडलं. पाचवं वांझ आहे म्हणतात.

गवतात बारीक निळी फुलं होती, केन्यासारखी पण त्याहून लहान. गड्याने सगळी खरवडली.

२९ जून

बिया आल्या. फळं पिकून ताडपत्रीवर पडत होती, दोन दिवस वेचली. गर काढला की आत तपकिरी, चकचकीत बी, बोटाच्या पेराएवढी. चार पोती झाली. माझ्या हयातीत इतकी भरलेली इप्पेची बी मी पाहिली नव्हती.

निघताना अज्जींनी एक चाल सांगितली. इप्पेची बी तेलासाठी न्यायची तर खुशाल घरात न्यावी. रोपासाठी न्यायची तर तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. वेचली त्याच दिवशी मातीत. सोवळ्याचं काही असावं. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं कशाला. पोती मागच्या जिन्याने गच्चीवर नेली, म्हणजे तसा उंबरा लागला नाही.

२ जुलै

बिया वाळत घातल्या. एक थर, मध्ये बोटभर जागा, दर दोन तासांनी उलटायच्या. ढग आले की आत, ऊन आलं की बाहेर. पापडांनासुद्धा तुम्ही कधी एवढा हात लावला नाही, असं सावित्री म्हणाली. किरणकुमार जेवायच्या सुट्टीत वर आला, त्याने एक बी हातात घेतली. म्हणाला, "मस्त वाळतायत, अण्णा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." बरं वाटलं.

ओली बी पोत्यात भरली की बुरशी धरते, खवट होते. आमच्या धंद्यात पोरं हे पहिल्या आठवड्यात शिकतात.

१४ जुलै

आज कानाशी हलवून पाहिली. वाजते. आत गर सुटून कवचात खुळखुळतो, तो आवाज आला की माल तयार. शंभर बिया एकेक करून वाजवल्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वाजल्या.

कंठीहळ्ळीला निरोप पाठवला, सगळं उत्तम आहे.

१९ जुलै

पेरणी. तीनशे पिशव्यांत दोन-दोन. दुपारपर्यंत कंबर गेली.

३ ऑगस्ट

काही नाही. भुईमूग आठव्या दिवशी वर येतो. झाडाला वेळ लागणारच.

११ ऑगस्ट

काही नाही. एका पिशवीत हिरवं दिसलं, पळत गेलो. गवत होतं.

१६ ऑगस्ट

सावित्रीने मला न विचारता चार पिशव्या उलट्या केल्या आणि बिया विळीवर चिरल्या. आत सुकून आक्रसलेलं, पिवळं, तेलाचा उग्र वास. ती म्हणाली, "ही जिवंत नाही, अहो. दिव्यात घालायची झाली ही."

मी म्हटलं, वाळवायला काही चुकलं नाही.

ती म्हणाली, "नाही ना. तेच तर." आणि उठून गेली. तिचं बोलणं कधी कधी अर्धंच असतं.

संध्याकाळी मी एकटाच गच्चीवर बसून उरलेल्या दोनशे शहाण्णव पिशव्यांतल्या बिया बोटाने उकरून पाहिल्या. सगळ्या तशाच.

अज्जींची वेचल्या दिवशी मातीत घालायची चाल. सोवळं नव्हतं ते. ती एवढ्या साध्या शब्दांत सांगितली होती आणि मी जिना बदलला.

१८ ऑगस्ट

चार पोती बी आणि तीन वर्षं. पाच मेला त्या माणसांसमोर मी जे बोललो ते सारखं आठवतं.

किरणकुमारला सांगितलं. त्याने फोन बाजूला ठेवून सगळं ऐकलं. म्हणाला, "अण्णा, नर्सरीत मिळतात इप्पेची रोपं. मी बघतो. झाड ते झाडच ना? त्यांना हवंय रोप, तुम्ही देताय रोप. कुणाला काय कळणार आहे."

त्याने वाईट हेतूने सांगितलं नाही. मलाही ऐकताना हलकं वाटलं.

२३ ऑगस्ट

नर्सरीत फक्त वीस होती, पण सुरेख. गुडघ्याएवढी, पानं रुंद. कुठून आणली विचारलं तर पोरगा म्हणाला, ट्रकच्या लोडमधून. नर्सरीच्या पिशव्यांवर शिक्का होता, म्हणून माझ्या पिशव्यांत हलवायला बसलो. सावित्रीला हाताशी ये म्हटलं. ती म्हणाली, "बाकी सगळं करते. हे नाही."

२६ ऑगस्ट

गौरीचा सण. कुंपणांवरून कळलावीची लाल-पिवळी फुलं लोंबत होती. कंठीहळ्ळीत तिला गौरीचंच फूल म्हणतात आणि पूजेला घेतात.

तोपुत आज गाव जमलं होतं. मी टेम्पोतून रोपं उतरवली. शंभर नाही, वीसच आहेत, असं आधीच सांगून टाकलं, आणि त्यावर लोक उलट खूश झाले. मे महिन्यात फोटोचं बोलला होता तो माणूस जवळ येऊन म्हणाला, चुकलो हं आम्ही. मला विडा आणि नारळ दिला.

खोटं असं मी काही बोललो नाही. अज्जींनी विचारलं, "आणलीत?" मी म्हणालो, "आणली."

त्यांनी एक रोप हातात घेतलं, फिरवून पाहिलं, पान उलटून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "गच्चीवरची माती भारी आहे हो तुमची, सावकारे. दोन महिन्यांत गुडघ्याएवढं." मी म्हटलं, खत चांगलं घातलं होतं. त्या म्हणाल्या, "असणार."

सगळ्यांच्या देखत खड्ड्यात मधोमध एक रोप त्यांनी स्वतः लावलं. त्यांची इच्छा पुरी झाली. निभावलं सगळं.

नारळ घरी आणला. सावित्रीने अजून फोडलेला नाही.

३ सप्टेंबर

आठ दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. खाली खुर्चीवर बसतो. एरंडीची बी मुठीत घेतली की हात आपोआप कानाकडे जातो, मग खाली घेतो.

आज दुपारी सावित्री डाळ निवडत होती. तिला म्हटलं, अज्जी खूश होत्या, मातीचंसुद्धा कौतुक केलं. तिने शब्द जसेच्या तसे सांगा म्हटलं. सांगितले. ती निवडायची थांबली. "अगदी बी वेचल्या दिवसापासून धरलं तरी दोनच महिने," ती म्हणाली. "जन्मभर इप्पेखाली बसलेली बाई. तिला दोन महिन्यांचं रोप केवढं असतं माहीत नसेल?"

पुढच्या दाराने खाली उतरलो आणि मागच्या जिन्याने वर आलो.

५ सप्टेंबर

पहिल्या बसने गेलो.

अज्जी बांधावर बसून वाती वळत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. वाळवल्या, सगळ्या मेल्या, ही रोपं विकतची, कुठल्या झाडाची माहीत नाही. सांगायला मिनिटभर लागलं असेल. गेले दहा दिवस त्यापेक्षा बरेच लांब होते.

त्या म्हणाल्या, "बसा."

बसलो.

"मी त्याच दिवशी बघितलं. आमच्या इप्पेचं पोर पहिल्या पावसाळ्यात वीतभर होतं, बस. पानाखाली लव असते. तुमच्या रोपाला पान चांगलं होतं, आमचं नव्हतं."

मग तिथेच का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"सणाचा दिवस. पाहुण्याच्या हातात नारळ दिल्यावर काय बोलायचं?" वात वळत वळत त्या म्हणाल्या, "लोक मला विचारत होते, अज्जी, एवढ्यात एवढं कसं? मी म्हटलं, यशवंतपूरचे सावकार आहेत, त्यांच्याकडे काहीही फुगतं."

मला हसू आलं नाही. त्यांना आलं.

मी म्हणालो, मी गावाला सांगतो. त्या म्हणाल्या, सांगा की, तोंड तुमचं आहे. मग चावडीवर गेलो आणि होते तेवढ्या सात-आठ जणांना सांगितलं. फोटोवाला माणूस म्हणाला, "तरीच." चहा मात्र दिला.

परत आलो तेव्हा अज्जींनी खड्ड्यातलं रोप मुळाच्या गोळ्यासकट काढून ठेवलं होतं. वीसच्या वीस शाळेच्या आवारात लावायची म्हणाल्या. "झाडाचा काय दोष. पण ही जागा आमच्या बीची."

मग म्हणाल्या, काठी द्या, आणि मला चौथ्या झाडापाशी घेऊन गेल्या. जाळीत वाकून काठीने करवंदाची एक फांदी उचलली. खाली, कुजक्या पानांत, वीतभर उंचीची रोपं होती. चार पानं, पाच पानं. शेंड्याला तांबूस. मी गुडघ्यावर बसून मोजली. अकरा.

बी वटवाघळांनी फळं खाऊन टाकलेली, झाडाने स्वतः टाकलेली, काट्यांत पडलेली. शेळीचं तोंड तिथे जात नाही. पहिल्या तीन झाडांखाली अशी किती झाली असती ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तिथे आता नुसती सपाट जमीन आहे.

"यातलं एक पुढच्या पावसात खड्ड्यात जाईल," अज्जी म्हणाल्या. "तोवर जगलं तर. पाऊस ओसरला की बाहेरच्या शेळ्या येतात, नाचणी कापेपर्यंत बांध सोडत नाहीत. भुकेली शेळी काटे बघत नाही. माझ्याच्यानं आता धावणं होत नाही."

मला काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

आठवड्यातून तीन दिवस जातो: मंगळवार, गुरुवार, रविवार. बाकीचे दिवस अज्जी बसतात. बाभळीच्या फांद्या आणून जाळीच्या उघड्या बाजूला रचल्या. हाताला चौदा ओरखडे. एक रोप किड्याने खाल्लं, दहा राहिली.

बसून राहिलं की आजूबाजूचं दिसू लागतं. टेकडीवरून पाणी झिरपतं त्या कातळावर बारीक जांभळी-निळी फुलं पसरली आहेत, सीतेची आसवं. त्यांच्याच बाजूला लालसर, रुपयाएवढी पानांची चकती, प्रत्येक केसावर चिकट थेंब. थेंबावर एक चिलट अडकलं होतं. पान अर्ध्या तासात हळूहळू मिटलं असं मला वाटलं, वाटलं असेलही. माती नसलेल्या दगडावर हे सगळं जगतं. मी त्यांना तीनशे पिशव्यांत भरलं असतं.

२५ सप्टेंबर

किरणकुमार सकाळी वर आला. भुईमुगाचा नवा माल आला आहे, मशीन ओल सात टक्के दाखवतं पण पोत्यातून वास येतोय, हात घालून बघाल का? मी म्हटलं, आज गुरुवार, माझा बांध आहे. उद्या बघतो.

तो म्हणाला, "उद्या पोती हलतील अण्णा."

मग बस चुकवली, खाली गेलो, हात घातला. आठ पोती बाजूला काढायला लावली. पुढच्या बसने गेलो. त्याने मला स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं आणि तिथे कोणती बस धरायची, परत किती वाजता येणार, ते विचारलं. इतके महिने त्याने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

नऊ. एक तुडवलं गेलं, शेळीने नाही, मीच मागे सरकताना. अज्जींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नऊ पुष्कळ. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी ही सहा उभी करायला किती राखली होती कुणास ठाऊक."

दुपारी एक कळप आला. एकवीस शेळ्या, मागे कुणी नाही. पुढची काळी शेळी मागच्या पायांवर उभी राहून बाभळीवरून आत बघत होती. काठी आपटली, ओरडलो, घसरलो, पुन्हा उठलो. पाऊण तास गेला. शेवटी कळप तळ्याच्या बाजूला उतरला आणि मी दम घेत बांधावर बसलो. धोतराला चिखल, डोक्याला टॉवेल.

टेकडीवर फुलं बघायला आलेली शहरातली दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, खाली उतरत होती. मुलीने फोन पुढे धरून मला मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "काका, एक फोटो? तुमच्या शेळ्यांबरोबर?"

मी म्हटलं, शेळ्या माझ्या नाहीत.

"मग तुम्ही काय करता इथे?"

मी त्यांना जाळीपाशी नेलं आणि लांबूनच दाखवलं. त्यांना पानांखेरीज काही दिसलं नाही. मुलगा म्हणाला, कुठे? मी म्हणालो, थांबा स्वल्प, नजर बसू दे. ती दोघं खाली बसली. बऱ्याच वेळाने मुलगी हळूच म्हणाली, "एक. तिथे अजून एक."

"नऊ आहेत," मी म्हणालो. "पाय मागे घेताना बघून घ्या."